सवाष्णीचं पान

मँचेस्टर
६ जुलै २०२५

सुचेताताई,

फोन नाही केला, कारण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. लहानपणी ठाणं-नाशिक अशी आपली पत्रं चालायची, तेव्हा निदान कागद संपेपर्यंत तुला माझं ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून हे. आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे टाकायची सोय नाही, कारण नाशकात अजयला, सख्ख्या नवऱ्याला, मी अर्धंच सांगितलंय.

झालंय असं. ज्या केअर कंपनीनं मला इथं आणलं तिचा बाहेरून माणसं आणायचा परवाना, ते स्पॉन्सर लायसन्स, सरकारनं काढून घेतलं. कंपनीनं काय घोळ घातला देव जाणे, आम्ही मुली तर सकाळपासून घरोघरी म्हाताऱ्यांच्या आंघोळी घालत फिरत होतो. मग पत्र आलं, साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. एका केअर होमनं मला हो म्हटलं. पण त्यांच्या मॅनेजरबाई आजारी पडल्या, कागद अडकले आणि मुदत टळली. आता कागद तयार आहेत, पण मी मात्र इथं बेकायदा ठरलेय. काय म्हणावं याला?

वकीलबाई म्हणतात, उशीर माझ्यामुळे झाला नाही हे पटवून देऊ, इथूनच अर्ज करू. पण मी परत गेले तर संपलं. बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं आता बंदच होतंय. अजयची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्यावर चालतं, हे तुला सांगायला नको.

तर काम असं आहे की वकीलबाईंना तुझं एक पत्र हवंय. तू ब्रिटिश सिटिझन, चांगल्या फर्मच्या एचआरमध्ये, रीडिंगला स्वतःचं घर. ही माझी मावसबहीण आहे, सरळ आहे, पळून जाणारी नाही, एवढंच लिहायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी माझ्यासाठी सह्या केल्यात. समोरचे म्हातारे आर्थर तर दारोदार फिरले. त्यांना माझं थालीपीठ फार आवडतं. पण वकीलबाई म्हणतात, नात्यातल्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.

मायराला सांग, रविवारचा मराठीचा तास चुकवायचा नाही. जोडाक्षरं छान जमायला लागलीत तिला.

तुझी,
मीनू


रीडिंग
१४ जुलै २०२५

मीनू,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, आणि राग जास्त टिकला म्हणून आधी तोच लिहिते.

माझं काम काय आहे तुला माहीत आहे ना? ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला इथं काम करायचा हक्क आहे की नाही ते मी तपासते. व्हिसा कालच संपला असेल तरी मी गोड हसून सॉरी म्हणते आणि त्याला घरी पाठवते. उद्या तू माझ्या टेबलासमोर येऊन बसलीस तरी मी तेच करणार. आणि मग घरी येऊन सरकारला लिहू, हिला मात्र राहू द्या?

कायदा केला आहे तर तो राबवायला हवा, असंच मला वाटतं. मी काही दुष्ट नाही गं. पण बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेलेला होता. परत मागितला असता तर अर्ज बाद झाला असता. पुष्कर म्हणाला, जाऊ दे अर्ज, तू जा. मी नाही गेले. नियम पाळला आणि बाबांना लॅपटॉपवर बघितलं, तेही मध्ये मध्ये चित्र अडकत होतं. तेव्हा माझ्यासाठी कुठल्या गल्लीनं सह्या केल्या? इतकी वर्षं इथं काढली, शेजारच्या हिलरी मला अजून 'हॅलो लव्ह' म्हणतात, कारण त्यांना माझं नाव माहीत नाही. आणि तू परवा आलीस, तर तुझे आर्थर थालीपीठ खातात!

हो, जळते मी. लिहूनच टाकते, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको.

आणि मायरा. मी त्या मुलीला पाच वर्षांची असल्यापासून मराठी शिकवायला बघतेय. पाटी आणली, शनिवारच्या शाळेत घातलं, चॉकलेटची लाच दिली. तिचं एकच, 'मम, बोअरिंग.' आणि तुझ्याबरोबर व्हिडिओवर तास तास जोडाक्षरं! परवा जेवताना मला म्हणते, मीनलमावशी इज सो रिअल. मग मी कोण, प्लॅस्टिकची? पोळ्या मी लाटायच्या, शाळेचे फॉर्म मी भरायचे, आणि रिअल तू. स्वतःला नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकीला इतका लळा लावायचा नसतो मीनू.

पत्राचं बघते. हो म्हणत नाही.

सुचेता


मँचेस्टर
२५ जुलै २०२५

ताई,

'स्वतःला नाही म्हणून' हे वाचलं. नाशकात बायका हे माझ्या पाठीमागे कुजबुजतात. तू निदान तोंडावर लिहिलंस. यावर मी एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

मंगळवारी सकाळी इमिग्रेशनची गाडी आली. त्यांच्याकडे वॉरंट होतं. मला चपला घालायला वेळ दिला, हात धरला नाही, नीट बोलले. गाडीत बसवलं, आणि गाडी काही हलेना. बघते तर आर्थर! स्लिपर घालून, किचनमधली खुर्ची घेऊन गाडीसमोर बसलेले. मग त्यांची मुलगी आली, मग कोपऱ्यावरचा दुकानदार, मग जिच्या आईला मी जेवू घालायचे ती केट. दुपारपर्यंत रस्ता भरला. सगळेच काही माझ्या बाजूचे नव्हते. एक बाई ओरडत होती, माझा मुलगा घरासाठी रांगेत उभा आहे, त्याच्यासाठी कोण बसलं कधी रस्त्यावर? ताई, मला तुझीच आठवण झाली. आणि तिचं काही खोटं नव्हतं.

शेवटी मला उतरवलं. याच पत्त्यावर राहायचं आणि दर पंधरा दिवसांनी हजेरी द्यायची, या अटीवर. गाडीतल्या ऑफिसर मुलीनं मला पाणी दिलं होतं. उतरताना मी तिला थँक्यू म्हटलं, तर तिलाच कसंनुसं झालं.

आणि संध्याकाळच्या ट्रेननं मायरा आली. कुणीतरी टाकलेला व्हिडिओ बघून. मी बोलावलं नव्हतं. आईला सांगून आलेय म्हणाली, ते खोटं होतं हे तुझा फोन आला तेव्हा कळलं. जेवायला घातलं आणि सकाळी पहिल्या ट्रेननं परत पाठवलं. तू फोनवर मला जे बोललीस ते मी विसरले म्हणून सांगते, पण विसरले नाही.

तू जळतेस म्हणालीस ना? मग माझंही ऐकून घे. तुझी लेक मला हवीशी वाटते हे खरं. पण त्याहून मी जळते ती तुझ्या दारावर. आतून बंद करता येणारं दार आहे तुझ्याकडे. बेल वाजली की तू 'कोण आहे?' म्हणून विचारतेस. मी विचारत नाही, नुसती गप्प बसून राहते. माझ्या गल्लीनं सह्या केल्या खऱ्या, पण त्या सगळ्या मिळूनही मला इथं ठेवू शकत नाहीत. तुझी एक सही कदाचित ठेवेल. मी एक मागतेय आणि तू माझ्या बाकीच्या सह्यांवर डोळा ठेवून बसलीस.

मीनू


रीडिंग
१० ऑगस्ट २०२५

मीनू,

मायराला महिनाभर घराबाहेर जायची बंदी केलीय. तिनं मला काय ऐकवलं माहितीये? म्हणाली, आई, ती गाडी आपल्या रस्त्यावर आली असती तर तू गाडीच्या बाजूनं उभी राहिली असतीस. तेव्हापासून आमच्यात 'मीठ दे' आणि 'वायफाय गेलंय' एवढंच बोलणं आहे. माझी लेक तुझ्यासाठी पार मँचेस्टरला येऊन उभी राहते, आणि माझ्यासाठी डिशवॉशर रिकामा करत नाही. तुझ्या दारावर जळण्याचं मला नवल वाटलं. घे बाई दार, मायरा मला परत दे.

जुलैच्या पत्रातलं ते वाक्य मी लिहायला नको होतं. माफी मागायची मला सवय नाही, पुष्करला विचार. म्हणून मी दोन कामं केली.

पहिलं, पत्र लिहिलं. चार ओळी खरडल्या नाहीत, माझ्या पद्धतीनं सगळं सविस्तर लिहिलं. तू कोण, मी कोण, कधी कुठे असणार, माझ्या पासपोर्टची कॉपी, घराचा पत्ता, काही म्हणजे काही सोडलं नाही. वकीलबाईंमार्फत जायला वेळ लागला असता, म्हणून सरळ होम ऑफिसलाच पाठवलं. आपण सगळं उघड सांगितलं की समोरच्याला संशय घ्यायला जागाच राहत नाही, मी इथं आजवर याच रीतीनं वागत आलेय.

दुसरं, या वर्षी गौरीजेवण एक सप्टेंबरला आहे, सोमवारी. सवाष्ण म्हणून तू यायचंस. ठाण्याहून आई म्हणाली, अगं, लेकुरवाळी कुणी मिळते का बघ. मी म्हटलं, घर माझं, गौरी माझ्या, सवाष्ण कोण ते मी ठरवणार. मी रजा टाकलीय. वेम्बलीला जाऊन अळूची आणि केळीची पानं आणणार आहे. सवाष्ण जेवून उठेपर्यंत घरात कुणी घास घेत नाही आणि मग तिची खणानारळानं ओटी भरतात, हे मायराला इतक्या दिवसांनी बोलायचं निमित्त म्हणून सांगितलं. तर म्हणाली, सो शी इज द बॉस? म्हटलं, हो, त्या दिवसापुरती.

रविवारी ये, बुधवारी जा. आणि मायरासाठी बोलावत नाहीये, हे लक्षात ठेव.

सुचेता


मँचेस्टर
१७ ऑगस्ट २०२५

ताई गं,

नाशकात माझ्या थोरल्या जाऊबाई गौरीला दरवर्षी शेजारच्या बाईला सवाष्ण म्हणून बोलावतात. मी त्याच घरातली, पुरण मी वाटायचं, पानं मी मांडायची आणि वाढायचंही मीच. मला त्या पाटावर बस असं आजवर कुणी म्हटलं नाही. तुझं पत्र वाचलं आणि बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं मला टिश्यू दिला.

हिरवी नारायणपेठ आणलीय इकडे येताना, ती नेसेन. हजेरी सव्वीसला देऊन झाली की पुढची नऊला आहे, म्हणजे मधे मोकळी आहे. वकीलबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोनतीन दिवस पाहुणी म्हणून जा, पण गाजावाजा नको. मी म्हटलं, बहिणीच्या घरी जातेय, तिथं काय व्हायचंय!

पत्राबद्दल काय बोलू? तू लिहिलंस ना, बास. आर्थरना सांगितलं, ते म्हणाले, तुझी बहीण गुड एग आहे, म्हणजे मनानं चांगली. मी म्हटलं, आहे, पण कवच फार कडक आहे.

मीनू


हीथ्रोजवळ, डिटेन्शन सेंटर
६ सप्टेंबर २०२५

सुचेता,

ताई लिहीत नाही.

इथं कागद आणि पेन देतात. खोलीत दोघी असतो. जेवण बरं आहे. एवढी चौकशी तू केली असतीस असं धरून सांगितलं.

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. पाटाभोवती रांगोळी होती. अळूची भाजी अर्धी झाली होती. पुरणपोळीचा पहिला तुकडा तुपात बुडवला आणि बेल वाजली. तू गेलीस. मागोमाग मायरा गेली. मला बसल्या जागेवरून दार दिसत नव्हतं, नुसता तुझा आवाज येत होता. हळू, ऑफिसातला इंग्लिश आवाज. चढला नाही, चिडला नाही. किती वेळ बोलत होतीस! माझं नाव ऐकलं. तारखा ऐकल्या. मग 'यस, आय डिड राइट दॅट' हे तुझंच वाक्य ऐकलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला भरल्या पानावरून उठवायलाच बोलावलं होतं. हिरवी साडी नेसवून, पाटावर बसवून. मी उठले, हात धुतले आणि बाहेर आले. तू काहीतरी म्हणालीस, मी ऐकलं नाही, मला ऐकायचंच नव्हतं. तुझ्या दारात तमाशा नको, शेजारी बघतात, एवढंच डोक्यात होतं. बघ, जाता जाता तुझ्याच अब्रूचा विचार केला.

गाडीत विचारलं, इथला पत्ता कसा मिळाला? म्हणाले, तुमच्या बहिणीचं पत्र आहे, या तारखांना तुम्ही इथं राहणार असं त्यात लिहिलंय. दिलेला पत्ता परवानगीविना सोडलात, अट मोडलीत. सविस्तर लिहिलंस ना? काही म्हणजे काही सोडलं नाहीस.

जळतेस हे तू मला आधीच कळवलं होतंस. मीच मूर्ख, मी ते प्रेमानं केलेलं भांडण समजले. आता तुझी लेक तुला परत मिळाली. आयुष्यात एकदा कुणी सवाष्ण म्हणून बसवलं, आणि अर्ध्या पानावरून उठले.

मीनल


रीडिंग
११ सप्टेंबर २०२५

मीनल,

तारखा मी लिहिल्या. तू मँचेस्टरला सापडली नाहीस तर पळालीस असं त्यांना वाटू नये, म्हणून लिहिल्या. ऑफिसात कुणी रजेवर जाणार असेल तर आम्ही कुठे आणि किती दिवस ते लिहून घेतो, त्याच सवयीनं लिहिल्या. विश्वास ठेवायचा तर ठेव.

दारात मी काय बोलले ते तुला सांगणार नाही. माझ्या घरच्या पाटावर बसून, माझ्या हातचं जेवताना, जिच्या मनात माझ्याबद्दल एवढंच आलं तिला मी काय समजावू? तुला माझ्यापेक्षा आर्थर जवळचे. त्यांनी खुर्ची टाकली ती गल्लीनं बघितली.

कामाचं लिहिते. जामिनाच्या अर्जात माझा पत्ता दिलाय. वकीलबाईंशी बोलणं झालंय. मी जज्जसमोर उभी राहणार आहे आणि आणखी एक जण राहणार आहेत. हे मी प्रेमानं करत नाहीये. घोटाळा माझ्या पत्रानं झाला, तो मी निस्तरतेय. मायरा मला परत मिळाली असं लिहिलंस, तर तीही नाही मिळाली. ती खोलीत दार लावून बसते.

लोकरीचा स्वेटर पाठवतेय. तुला तिथं थंडी वाजत असणार.

सुचेता


रीडिंग
१२ सप्टेंबर

प्रिय मीनलमावशी,

हे माझा पहिला पूर्ण पत्र आहे मराठीमध्ये. चुका असेल. आईला माहीत नाही मी लिहिते.

तुझा पत्र आई टेबलवर ठेवून ऑफिसला गेली. मी वाचली. सॉरी. पण तू चुकीचं समजलीस. मी तिथे होती. मी सगळं बघितलं.

दोन ऑफिसर आले. आई विचारली, वॉरंट आहे का? ते बोलले नाही, पण आम्ही आत येऊन बोलू शकतो का? आई बोलली, नो. ते बोलले, तुम्हीच आम्हाला लिहिलं होतं ना. आई बोलली, यस, आय डिड राइट दॅट, मी खरं लिहिलं कारण मला वाटलं तुम्ही खरं माणसाला त्रास देत नाही. मग ती बोलली, माझी बहीण जेवते आहे. आज ती या घराची गेस्ट ऑफ ऑनर आहे. ती जेवून उठेपर्यंत कोणी तिला उठवणार नाही, तुम्ही नाही आणि किंग पण नाही.

एक ऑफिसरचा पाय दाराजवळच्या रांगोळीवर येत होता, ते छोटे गौरीचे पाय आहे ना, त्यावर. आई बोलली, प्लीज, त्यावर नाही. तो मागे गेला. आईचा आवाज एकदम हळू होता. पण एक हात दारावर होता, पूर्ण वेळ. ते बोलले ओके, आम्ही वॉरंट घेऊन परत येतो. ते वळले. खरंच वळले मावशी. मग तू बाहेर आली. आई बोलली, मीनू, आत जा, पानावर बस. तू तिच्याकडे बघितली पण नाही. तू त्यांच्याबरोबर चालत गेली.

नंतर आई तुझ्या पानासमोर बसली. डॅड बोलला, आता सगळे जेवूया. आई बोलली, सवाष्ण जेवली नाही. त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवला नाही. मग आई शेजारी गेली हिलरीकडे. ती कधी जात नाही. ती बोलली, माझं नाव सुचेता आहे आणि मला मदत पाहिजे. मी खिडकीतून ऐकलं.

मी आईला बोलली होती की तू गाडीच्या बाजूनं उभी राहशील. ते चुकीचं होतं. मला तिला सॉरी बोलायचं आहे पण मला लाज वाटतो. म्हणून तुला सांगते.

तुझी,
मायरा


डिटेन्शन सेंटर
१९ सप्टेंबर २०२५

ताई,

स्वेटर मिळाला. अंगात घालून लिहितेय.

सोबत मायराचं पत्र आहे. तिनं मला लिहिलं, तुला न सांगता. तिची परवानगी न घेताच मी ते तुला पाठवतेय. रागावली तर रागावू दे.

खरं सांगू? ठेवून घ्यावंसं वाटत होतं. पोरीच्या हातचं पहिलं मराठी पत्र, आणि ते माझ्या नावाचं! दोन रात्री उशीखाली ठेवलं. एकदा वाटलं, ताईकडे घर आहे, पासपोर्ट आहे, लेक आहे, हा एवढा कागद माझ्याकडे राहिला तर काय बिघडतं तिचं? पण पुन्हा पुन्हा वाचलं. वरती नाव माझं आहे, आत सगळी तूच आहेस. ते तुझ्याकडेच असायला हवं.

मला दार हवं होतं, आतून बंद करता येणारं. ते तू माझ्यासाठी बंद धरून उभी होतीस आणि मीच चालत बाहेर आले. कोण कुणावर जळत होतं, कुणी कुणाला ओळखलं नाही, आता काय बोलायचं! सांगितलं का नाहीस गं? एका ओळीचं काम होतं. पण तू कसली सांगतेस, मरशील पण सांगणार नाहीस.

माझं 'ताई' परत घे.

मीनू


रीडिंग
२७ सप्टेंबर २०२५

मीनू,

जामीन झाला हे तुला वकीलबाईंनी कळवलं असेलच. पण टॅगवाले येऊन घर बघेपर्यंत सोडणार नाहीत. ते काल येऊन गेले. वरच्या खोलीत एक डबा बसवून गेलेत, तुझ्या पायात बांधतील त्या पट्ट्याचा, तू घरात आहेस की नाही ते त्यांना कळवणारा. मायरानं त्याच्यावर फुलाचं स्टिकर लावलंय. गुरुवारी तुला आणून सोडतील म्हणे. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडावं.

जज्जनं मला व्हिडिओवर विचारलं, तुमची बहीण तुमचं ऐकेल का? मी म्हटलं, आजवर कधी ऐकलेलं नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग मी म्हटलं, पण आम्हा दोघींना एकमेकींचं काय चाललंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे ती माझ्या नजरेबाहेर जाणं शक्य नाही. जज्ज हसल्या. हिलरी माझ्या शेजारी बसल्या होत्या, दुसऱ्या जामीनदार म्हणून. त्यांनी माझं नाव तीनदा म्हणून पाठ केलं होतं, आणि ऐन वेळी 'सुजाता' म्हणाल्या. मला त्याचंही बरं वाटलं.

माझं मत विचारशील तर सांगते. देशाला कायदा हवा आणि तो राबवणारी माणसंही हवीत. सोमवारी ऑफिसात मी पुन्हा लोकांचे व्हिसे तपासणार आहे. पण मी खरं लिहिलं तर माझ्या दारात कोण येऊन उभं राहील, हे मी आधी स्वतःला विचारायला हवं होतं. तुझ्या अर्जाचं काय होईल मला माहीत नाही. नाही म्हणाले तर विमानतळावर मी तुझ्याबरोबर येईन, आणि हो म्हणाले तर तू परत मँचेस्टरला जाशील, तुझ्या आर्थरकडे. दोन्हीतलं काहीही झालं तरी मी चिडणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मायराचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. नंतर बसून वाचलं. फ्रिजवर लावलं. संध्याकाळी ती आली, तिनं बघितलं, लालबुंद झाली. म्हणाली, आई, खूप चुका आहेत. मी म्हटलं, असू देत. मग तिनं डिशवॉशर रिकामा केला. न सांगता. आता तू येशील, तर ती पुन्हा तुझ्याच खोलीत पडीक असणार, आणि मी पुन्हा जळणार. तर रविवारच्या तासाला मीही बसणार. चालेल का विचारत नाहीये.

गौरी गेल्या, मखर उतरवलं. तुझा पाट मात्र अजून जेवणघरातच आहे, पुष्कर रोज त्याला ठेचकाळतो. खण आणि नारळ देव्हाऱ्यात ठेवलाय. गुरुवारी पुन्हा पुरण घालते, अळूही मिळालंय. आधी तुझं पान, मग ओटी, मग आम्ही जेवू.

आणि मीनू, बेल वाजली तर दाराशी मी बघून घेईन. तू पानावरून उठायचं नाहीस.

ताई